सोंगाचा परवाना

डिसेंबरातील एका शनिवारी, सकाळचे दहा वाजून गेले तरी धुके रस्त्यावरून उठायचे नाव घेत नव्हते अशा वेळी, नोएडाच्या बोटॅनिकल गार्डन मेट्रो स्थानकावर सुरक्षा दलाच्या जवानाने माझ्या भाच्याला अडवले, आणि त्यात त्या जवानाचा काहीएक दोष नव्हता. कारण सदतीस वर्षे वयाचा, गुडगावातील एका कंपनीत जमाखर्चाचा विभाग सांभाळणारा, तिसरीत शिकणाऱ्या मुलीचा बाप असलेला हा गृहस्थ त्या दिवशी छातीवर रुपेरी चिलखत, हनुवटीपासून बेंबीपर्यंत लोंबणारी तांबूस दाढी आणि खांद्यावर उखळाएवढा हातोडा अशा थाटात रांगेत उभा होता.

‘ये क्या है?’ जवानाने विचारले.

‘हथौड़ा है जी. फोम का.’

जवानाने हातोडा बोटाने दाबून पाहिला, तो स्पंजासारखा आत गेला, तेव्हा त्याच्या मुद्रेवरचा संशय मावळून तेथे कुतूहल उमटले. ‘कौन से नाटक का है?’

‘नाटक नहीं है.’ भाचा क्षणभर घुटमळला. ‘बस, ऐसे ही.’

हातोड्याने जो संशय उत्पन्न केला नव्हता तो या तीन शब्दांनी केला. जवानाने त्याची पिशवी दुसऱ्यांदा उघडायला लावली. ‘रामलीला का है’ असे उत्तर मिळाले असते तर, तो डिसेंबर महिना आहे व दसरा होऊन दोन महिने लोटले आहेत हे ठाऊक असूनही, त्याने हात जोडून वाट करून दिली असती, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मी दहा पावले मागे उभा होतो आणि, आता कबूल करायला हरकत नाही, त्या दाढीवाल्याशी आपला काही संबंध नसल्याचे सोंग मोठ्या सफाईने वठवत होतो.

मी तेथे गेलो होतो तो स्वेच्छेने नव्हे. अक्का, माझी थोरली बहीण, मुलाकडेच नोएडाला राहते, आणि गेले वर्षभर ती मला फोनवर सांगत होती की हा रविवारी दुपारी कोठेतरी जातो, रात्री नऊला परत येतो, ‘खेळायला गेलो होतो’ म्हणतो, आणि विचारले तर आपण ‘एका बुटक्याचे पुजारीपण’ करतो असे सांगतो. त्यात आता त्याने गच्चीवर बसून, चपलांच्या तळव्यांना वापरतात त्या जातीच्या फोमचे तक्ते गरम हवेच्या यंत्राने वाकवून चिलखत बनवायला घेतले होते. ‘तू जाऊन बघून ये एकदा,’ असा हुकूम झाला. चौतीस वर्षे केंद्र सरकारच्या दफ्तरात काढून निवृत्त झालेल्या माणसाला चौकशी अधिकारी नेमले की तो नकार देत नाही. गाडीने आम्ही ओखल्याला उतरलो. तेथील लघुउद्योग निगमाच्या मैदानावर कॉमिक कॉन नावाची जत्रा भरते. २०११ च्या फेब्रुवारीत ती प्रथम आयएनएजवळच्या दिल्ली हाटात भरली, आणि आता तिला इतकी गर्दी लोटते की माझ्या भाच्याच्या हातोड्याकडे तेथे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. सोंगे घेऊन आलेली बहुसंख्य मुले कॉलेजातली होती. तथापि त्यांच्यात ज्यांच्या कानांवरचे केस पांढरे होऊ लागले आहेत असेही बरेच निघाले, आणि छायाचित्र काढू देताना नेमका हाच वर्ग आधी आजूबाजूला नजर टाकत होता.

आपल्या भाषेने या बाबतीत निकाल फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. मराठीत ‘सोंग’ हा शब्द बहुधा आरोपपत्रातच येतो. आजारीपणाचे सोंग, साधुत्वाचे सोंग, झोपेचे सोंग. मूल हट्ट करू लागले की आपण त्याला ‘नाटकं करू नकोस’ म्हणतो, जणू नाटक हा फौजदारी गुन्हा आहे. आणि हे म्हणणारे आपण नाटकवेडे म्हणून आसेतुहिमाचल मिरवतो. प्रौढाने मुलांत मिसळावे तर शिंगे मोडून वासरांत शिरल्याचा ठपका तयार असतो, आणि आणखी वीस वर्षांनी तेच केले तर त्याला म्हातारचळ म्हणतात. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो, तेव्हा त्या म्हणीत एक मुभा दडलेली असते हे मात्र कोणी लक्षात घेत नाही: इतर सोंगे आणता येतात, एवढे तरी ती मान्य करते.

भाच्याचा रविवारचा खेळ अमेरिकेतला आहे. १९७४ साली विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या लहानशा गावी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तो छापून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन कर्ते, आणि त्यांपैकी गायगॅक्स त्याआधी विमा कंपनीत जोखमीची छाननी करण्याचे काम करीत असे, ही गोष्ट मला विशेष समाधान देऊन गेली, कारण असल्या कल्पना कारकुनी टेबलापाशी बसलेल्या माणसालाच सुचतात असा माझा जुना ग्रह आहे. त्याचे मूळ आणखी मागे जाते. लढाईचा नकाशा मांडून, फासे टाकून, सेनापतींची भूमिका घेऊन खेळायचा डाव १८२४ साली प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपुढे मांडण्यात आला आणि तो तेथे सैनिकी शिक्षणाचा भाग होऊन बसला. तेव्हा त्या मिशाळ सरदारांना कोणी बालिश म्हटले नाही. तोच डाव सामान्य माणसाने आपल्या घरच्या तळघरात, कोणताही मुलूख जिंकायचा नसताना मांडला, तेव्हा १९८०च्या दशकात अमेरिकेतील काही धर्मभीरू पालकांनी त्यात सैतानाची उपासना पाहिली आणि शाळांतून तो बंद करण्यासाठी चळवळी केल्या.

आपल्याकडे सैतानाचा प्रश्न उद्भवला नाही. अक्काने देवधर्माची हरकत एकदाही घेतली नाही. बुटका का होईना, पण पुजारी आहे ना, एवढ्यावर तिचे त्या अंगाने समाधान झाले होते. तिचा प्रश्न वेगळा होता, आणि दिल्लीत, नोएडात, गुडगावात, जेथे प्रत्येक तासाची कोठे तरी नोंद होत असते तेथे, तो सगळ्यांच्याच तोंडी आहे: ‘पण त्यातून मिळतं काय?’

हा प्रश्न मी पूर्वीही ऐकला होता. पुष्कळ वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, येथील एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटकात मला हवालदाराचे काम मिळाले. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम १९६४ सालचे. त्यांतील पंधराव्या नियमान्वये सरकारी नोकराला वाङ्मयीन, कलात्मक वा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम, सरकारी कामात व्यत्यय न आणता, पूर्वमंजुरीशिवाय करण्याची मुभा आहे. म्हणजे अर्जाची गरजच नव्हती. पण मी भिऊन अर्ज केला. आमचे अधिकारी तो हातात घेऊन बराच वेळ बसले आणि म्हणाले, ‘इससे मिलता क्या है?’ मी म्हणालो, ‘गणपति उत्सव है, साहब.’ त्यांनी तात्काळ सही ठोकली. वस्तुतः माझ्या हवालदारकीचा आणि गणपतीचा संबंध, मंडप एक होता, इतकाच. मला मिशा लावून, काठी आपटीत रंगमंचावर फिरायचे होते, आणि का फिरायचे होते, तर बस, ऐसे ही. ते मी सांगितले नाही, कारण परवाना कोणत्या नावाने निघतो हे कारकुनाला उपजतच कळते.

या शहरात तो परवाना दरवर्षी अश्विनात हजारोंनी निघतो. लाल किल्ल्यासमोरच्या मैदानावरील लवकुश रामलीलेत २०१८ साली केंद्रीय मंत्री डॉ. हर्षवर्धन मुकुट घालून राजा जनक झाले होते. त्यांना कोणी विचारले नाही की यातून मिळते काय, आणि विचारू नयेच. वैद्यकी शिकलेल्या, मंत्रिपद सांभाळणाऱ्या माणसाला चार घटका सीतेचा बाप व्हावेसे वाटले यात मला तर त्यांच्याविषयी आत्मीयता वाटली. बड्या लीलांत पुष्कळदा मुरादाबादेकडून धंदेवाईक नट आणवतात. परंतु वसाहतींतल्या लहान लीलांत किराणा दुकानदार रावण होतो, बँकेतला रोखपाल जांबवान होतो, आणि दहा दिवस मद्यमांस वर्ज्य करून होतो. किनारी बाजारात त्या दिवसांत मुकुट, गदा, जरीचे अंगरखे आणि जटा यांनी गल्ली इतकी भरते की अंग चोरून चालावे लागते. भाच्याची तांबूस दाढी याच गल्लीतली आहे. दुकानदाराने ती त्याच्या हनुवटीला लावून पाहिली आणि ‘ऋषि के लिए सफेद ले जाइए’ असा सल्ला दिला. म्हणजे दाढी एक, दुकान एक, चेहरा एक. फरक पडला तो कोणाच्या नावाने ती लावायची एवढ्यात.

अक्काच्याच घरातील दाखला देतो, कारण तो तिला मी तोंडावर देऊ शकलेलो नाही. श्रावणात येथील मराठी बायका मंगळागौर जागवतात. अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची तक्रार असलेली ही माझी बहीण त्या रात्री पदर खोचून दुष्ट सासू होते, आणि सुनेला, म्हणजे मयूर विहारातील एका निवृत्त मुख्याध्यापिकेला, असे टोचून बोलते की अख्खे सभागृह हसून लोळते. पिंग्याला दोन बाजू पडल्या की या प्रतिष्ठित स्त्रिया एकमेकींच्या माहेराचा उद्धार करतात. पहाटे चहा पिऊन सगळ्या सभ्यपणे घरी जातात. हे वर्षातून एका रात्रीचे, देवीच्या साक्षीने झालेले सोंग. त्याला फळ काय, असे कोणी पुसत नाही, कारण व्रताला फळ असतेच.

माझे बालपण कुडाळ तालुक्यातले. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळी पेटारे घेऊन गावोगाव हिंडत, आणि आम्ही पोरे देवळाच्या आवारात गोणपाट अंथरून रात्र काढत असू. आधी गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव आणि वेद पळवणारा काळा संकासुर, मग आख्यान, आणि उजाडताना दहीकाला. त्या नाटकाला संहिता नसते, हे शहरी माणसाला सांगितले तर खरे वाटत नाही. कथानक ठरलेले, कोणी कोणाला मारायचे ते ठरलेले. पण बोलायचे काय ते तेथल्या तेथे, समोरचा काय बोलतो त्यावर. तोंडाला रंग ज्याचा त्याने स्वतः फासायचा. शेजारच्या वाडीतला जो गृहस्थ रात्री दुर्योधन होऊन कृष्णाशी तासभर वाद घालीत असे तोच दुसऱ्या दिवशी आमच्या कुणग्यात चिखल तुडवीत असे. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असे आमच्याकडे म्हणतात. भाच्याने आपला खेळ मला समजावून सांगितला तेव्हा मी त्याला म्हणालो, ‘अरे, हा तर दशावतार.’ तो म्हणाला, ‘हो मामा, फक्त बघायला कोणी नसतं.’

मला वाटते, सारी अडचण येथे आहे. देवासाठी केलेले सोंग चालते, बक्षिसासाठी चालते; महाराष्ट्र शासन गेली साठाहून अधिक वर्षे जी राज्य नाट्य स्पर्धा भरवते तिच्या नावातच ‘हौशी’ हा शब्द आहे, आणि त्या हौसेला परीक्षक, क्रमांक व प्रमाणपत्र असे तिन्ही आधार आहेत. पोटासाठी केलेले सोंगही, नट पुरेसा मोठा झाला की, चालते. बहिर्जी नाइकाने फकीर व्हावे, गोसावी व्हावे, ते तर आपण पोवाड्यांत गातो, कारण ते राज्यासाठी. जे कोणासाठीच नाही, ज्याला प्रेक्षक नाही, म्हणून टाळी नाही आणि म्हणून पावती नाही, ते प्रौढाने केले की आपण अस्वस्थ होतो. लहान मुलांची भातुकली आपण सहन करतो तीही ‘पुढे संसारात उपयोग होईल’ या हिशेबाने.

जे सोंग पोटासाठीच आहे पण ज्याच्याजवळ प्रतिष्ठा नाही त्याची गत याहून वाईट झाली, आणि येथे थोडे थांबणे मला भाग आहे. आमच्या गावी बहुरूपी येई, पोलिसाचा वेष घालून आजोबांना अटक करायची धमकी देई, आणि आजोबा, जे खऱ्या फौजदारालाही फारशी दाद देत नसत, ते हात जोडून जामीन मागत आणि मग पायलीभर भात घालत. तो त्याचा हक्क होता. मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षा प्रतिबंधक कायदा केला, त्यात सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करून दाखवणे यांच्या मिषाने काही मागणे हीसुद्धा भीकच ठरवली, आणि पुढे हाच कायदा दिल्लीला लावण्यात आला. म्हणजे ज्या दिल्लीत पंधराव्या नियमाने मला हवालदार व्हायची मुभा होती त्याच दिल्लीत बहुरूप्याने हवालदार व्हावे तर खरा हवालदार त्याला वॉरंटाशिवाय उचलू शकत होता. शादीपूर डेपोजवळच्या कठपुतली कॉलनीत असे बहुरूपी, बाहुलीवाले, जादूगार दशकानुदशके राहत. २०१७ च्या ऑक्टोबरात ती वस्ती पाडण्यात आली. पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्या कायद्याची कलमे दिल्लीपुरती रद्द ठरवली. भाच्याच्या चिलखताला हसणारे लोक त्याला तुरुंगात घालत नाहीत, हे त्याच्या वर्गाचे भाग्य. ते त्यालाही ठाऊक आहे.

यावर कोणी म्हणेल की आपण सगळेच जन्मभर सोंगेच आणतो, साहेब साहेबाचे आणि शिपाई शिपायाचे. हे वाक्य मी निरोपसमारंभांत इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा मला वीट आला आहे, आणि ते खरेही नाही. चौतीस वर्षे मी जे करत होतो ते सोंग नव्हते. त्यातून मला पाच वाजता उठून जाता येत नव्हते, फासा वाईट पडला म्हणून हसता येत नव्हते, आणि माझ्या हातून झालेली चूक दुसऱ्या दिवशी खोटी होत नव्हती.

चौकशी पुरी व्हायची तर रविवारची बैठक पाहणे क्रमप्राप्त होते. गुडगावातील एका सदनिकेत चार वाजता सहा जण जमले. त्यांतील एक, ज्याला ते डीएम म्हणतात, तो सूत्रधार. गोष्ट त्याच्या डोक्यात, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचे, आणि मनसुबा तडीस जातो की नाही ते वीस बाजूंच्या फाशाने ठरायचे. प्रत्येकासमोर एक कागद होता, त्यात पात्राचे नाव, कुळ, बल, बुद्धी, अंगावरील जखमा आणि ताब्यातील सामान यांच्या नोंदी. सरकारी नोकराची सेवापुस्तिका हुबेहूब अशीच असते. एक चौतीस वर्षांची शाळामास्तरीण होती, ती म्हाताऱ्या चोराचे काम करी, आणि घरी ‘कार्यशाळेला जाते’ असे सांगून येई. भाच्याने निदान खेळाला खेळ म्हटले होते. तिला ते परवडणारे नव्हते. सुनेच्या रविवारचा हिशेब मुलाच्या रविवारहून कडक असतो.

मी कोपऱ्यात बसलो होतो. सूत्रधाराला काय वाटले कोण जाणे, तो म्हणाला, ‘अंकल, शहर के फाटक पर एक क्लर्क है. आप बोलेंगे उसका?’ पाच मिनिटांचे काम आहे, असेही सांगितले.

मंडळी वेशीपाशी आली. मी विचारले, जकातीच्या मालाची यादी कोठे आहे. यादी नव्हती. शस्त्रांचे परवाने मागितले, ते नव्हते. बुटक्या पुजाऱ्याजवळ रहिवासाचा दाखला नव्हता, आणि हातोडा हे पूजासाहित्य आहे हा त्याचा युक्तिवाद मी फेटाळून लावला. म्हाताऱ्या चोराने माझ्यासमोर सोन्याची पाच नाणी ठेवली; मी त्याला ती कोणत्या सदराखाली जमा करू ते लेखी द्यायला सांगितले. जादूगाराने माझ्यावर मोहिनी टाकली, पण त्याचा फासा तीनवर पडला. नोकरीत मी लाच घेतली नाही, पण ‘नाही’ हा शब्द इतक्या मोठ्या आवाजात मी तेथे कधी उच्चारला नव्हता. पाच मिनिटांचे काम पाऊण तास चालले, आणि शेवटी सर्वांचे संयुक्त प्रतिज्ञापत्र घेऊन मी त्यांना सूर्यास्तापर्यंतचा प्रवेश दिला. सूत्रधार हतबुद्ध होऊन माझ्याकडे पाहत होता. भाचा दोन्ही हातांत तोंड धरून हसत होता.

पुढच्या रविवारी चार वाजता मला पुन्हा बोलावले आहे. वेशीवरच्या कारकुनाजवळ शिक्का नाही, ही गोष्ट मला खटकली होती. तो मी लक्ष्मीनगरातून साठ रुपयांत करून आणला आहे. चौकशीचा अहवाल अक्काला अद्याप सादर झालेला नाही.